चतुराबाईच्या रानातला उपडा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पंधरा किलोचा, चौकोनी, एका कोपऱ्याला चेपलेला. डबा म्हटलं की तो बिचारा गोड गोड बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल तर आधीच सांगून ठेवतो, मला राग आलेला आहे. कित्येक वर्षं झाली, तो उतरलेला नाही. तरी नीट पहिल्यापासून सांगतो. उगाच आदळआपट करून तुम्हाला काय कळणार?

१९८१ साली जालन्याच्या एका तेलघाण्यात माझ्यात पहिल्यांदा करडईचं तेल ओतलं. तिथून मी मस्तगडातल्या एका किराणा दुकानात गेलो. तेल संपलं, मग माझं वरचं झाकण कापलं, आत लाकडी दांडी ठोकली आणि वडीगोद्रीच्या एका हॉटेलवाल्यानं मला पाणी आणायला ठेवलं. बारा वर्षं मी हापशावरून पाणी आणलं. एसटीतून उतरलेली माणसं घटाघटा प्यायची आणि निघून जायची. डब्याला कोण विचारतो? मलाही त्याचं काही वाटत नव्हतं.

१९९३ साली देवानंद नावाचा एक तरुण हॉटेलात चहाला आला. लूनावर फिरायचा, एका शेतकी संशोधन केंद्रात नोकरीला होता. त्यानं मला वाजवून पाहिलं, उन्हाकडे धरून भोकं पाहिली आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, "हा डबा मला द्या, ह्याच्याकडून मातीचा श्वास मोजायचाय." हॉटेलवाला इतका हसला की त्याच्या हातची बशी हिंदकळली.

पण देवानंद खरंच बोलत होता. त्यानं माझी दांडी काढली, भोकं बुजवून घेतली, आणि मला चतुराबाईच्या रानात नेऊन उपडा घातला.

आता ही चतुराबाई कोण, तर कालव्याच्या खालच्या अंगाला दोन एकर रान असलेली बाई. नवरा पोरगा लहान असतानाच वारलेला. कालव्याचं पाणी पाझरून पाझरून तिचं रान चिबडलेलं, म्हणजे बारा महिने आतून ओलं. कापूस लावला की पिवळा पडायचा. म्हणून ती साळ, म्हणजे भात, पेरायची. मग एका वर्षी बैल मेला, दुसरा एकटा काय कामाचा म्हणून तो विकला. नांगरायला काहीच उरलं नाही. बाईनं काय करावं? मागच्या साळीची खुंटं तशीच ठेवली, मधल्या जागेत खुरप्यानं भोकं पाडली आणि एकेक भोकात चिमूटभर बी टाकत दोन एकर उरकलं. कंबरेचा काटा ढिला झाला, पण साळ आली. भुजंगरावाच्या साळीइतकीच आली.

भुजंगराव म्हणजे बांधापलीकडचा शेजारी. मोठ्या आवाजाचा, मनानं निर्मळ. तो दर उन्हाळ्यात खोल नांगरट करायचा, वर दोन पाळ्या वखराच्या. त्याचं रान कसं काळंभोर आणि मोकळं दिसायचं! चतुराबाईचं खुंटं उभी असलेलं, भकास. येणारेजाणारे म्हणायचे, "चतुराबाईचं रान झोपून राह्यलंय बा."

देवानंदला तेच हवं होतं. त्यानं एक डबा भुजंगरावाच्या नांगरलेल्या रानात घातला, आणि मला ह्या झोपलेल्या रानात. माझं काम सोपं होतं. मला दोन बोटं मातीत दाबायचं. माझ्या पोटात एक बरणी ठेवायची, तिच्यात सोड्याचं तीव्र पाणी. मातीतून जो न दिसणारा वायू वर येतो तो मी बाहेर जाऊ द्यायचा नाही, त्या पाण्यानं तो पिऊन घ्यायचा. दुसऱ्या दिवशी बरणी काढायची, तिच्यात रंग टाकून ती गुलाबी करायची, मग थेंब थेंब आम्लाचं पाणी सोडायचं, रंग उडाला की किती वायू वर आला त्याचा आकडा निघायचा.

"म्हंजी माती श्वास घेती?" चतुराबाईनं विचारलं होतं.

"सोडती, मावशी," देवानंद म्हणाला. "जुनी मुळं, काड, शेणखत, हे तिचं साठवण. आत बारीक जीव हळूहळू खात ऱ्हातात. नांगरानं उलथलं की हवा लागती, मंग ते भराभरा खातात, अन् साठवण वायू होऊन वर जाती. कणगीचं तोंड उघडं टाकल्यासारखं. मंग मातीत राहतं काय? नुसता भुगा. अन् तो वायू वर जाऊन वारं तापवतो, ते येगळंच."

"अन् माहं रान?"

"तेच मोजायचंय. पण आठ वर्षं नांगर लागता कामा नये. एकदा जरी लागला तरी सगळं पाण्यात."

चतुराबाईनं पदर खोचला आणि म्हणाली, "न्हाई लागू देणार. माह्या रानातून काय निघतंय, काय ऱ्हातंय, ते मला बी बघायचंय."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणीतरी आहोत. पाणी भरायचा डबा होतो, आता साक्षीदार झालो.

देवानंद दर शनिवारी यायचा, पण रोजची निगा तिचा मुलगा करायचा. मच्छिंद्र. तेव्हा एकोणीस वर्षांचा, बारावी झालेला, अंगानं उंच. देवानंदनं त्याला सगळं शिकवलं. बरणी कशी धरायची, रंग उडताच हात कसा थांबवायचा. तो आकडा काढायचा आणि आईला ओरडून सांगायचा. चतुराबाईला वाचता येत नव्हतं. पण तिच्या कानावर एकदा पडलं ते कायमचं. "मागच्या पोळ्याला दोन पॉइंट चार होता, भुजंगभावजींचा चार पॉइंट सात," असं ती सहज सांगायची आणि देवानंद रजिस्टर उघडून बघायचा, तर बराबर तेच. तो थक्क व्हायचा. मच्छिंद्र हसायचा, "आमच्या आईला रजिस्टर लागत न्हाई."

सहा वर्षं असं चाललं. भुजंगरावाचा आकडा कायम वर, आमचा कायम खाली. आमची माती मुठीत धरली की लोण्यासारखी दबायची, गांडुळं दिसायची. पावसानं ओढ दिली तेव्हा भुजंगरावाच्या रानाला भेगा पडल्या, आमचं रान आठ दिवस जास्त तग धरून राहिलं. चतुराबाई तण हातानं उपटायची. तिची नखं झिजली. बायका म्हणायच्या, "अगं, एक दिवस ट्रॅक्टर फिरव अन् मोकळी हो." ती म्हणायची, "अजून दोन वर्षं." तिला त्या दोन एकरांची अशी ओढ होती की मच्छिंद्र कधीकधी चिडून म्हणायचा, "तुझं माह्यापेक्षा रानाकडंच ध्यान हाय." ती हसण्यावारी न्यायची.

१९९९ च्या चैत्रात मच्छिंद्रचं लग्न ठरायला आलं. मुलगी नंदा, दहावी पास, घनसावंगीकडची. तिच्या घरची माणसं वैशाखात घरदार, रानशिवार बघायला येणार होती.

आणि इथंच पोराला त्या रानाची लाज वाटायला लागली. वैशाखात साऱ्या शिवाराची नांगरट झालेली असते. जिकडं बघावं तिकडं काळी ढेकळं. मधेच आमचं रान, वाळक्या खुंटांचं. पाहुणे काय म्हणतील? घरात औत धरणारा कुणी गडी न्हाई का? पोरगा आळशी दिसतोय, असंच ना? मी हे त्याच्या तोंडून ऐकलंय. बरणी बदलताना तो स्वतःशीच बोलायचा. मला वाटलं, बोलून मोकळा होईल. मी मूर्ख.

एका सकाळी तो आईला म्हणाला, "जाफराबादहून निरोप आलाय. तुळजामावशीची तब्येत लई बिघडलीय. जल्दी जाऊन ये."

चतुराबाईची ही एकुलती एक बहीण. बाईनं भाकरी तशीच टाकली आणि पिशवी घेऊन निघाली. जाताना मला ओलांडून गेली, थांबून म्हणाली, "मच्छू, डब्याकडं ध्यान दे रे बाबा."

"देतो की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाव आमच्या रानात हजर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी इर्जिक पाहिली नसेल. आमच्याकडे पूर्वी एखाद्याचं काम अडलं की सारा गाव आपापली औतं घेऊन यायचा, एका दिवसात रान नांगरून द्यायचा, आणि ज्याचं रान त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मजुरी नाही, उपकार नाही. फार चांगली रीत, मी तिला नावं ठेवत नाही. तीन बैलजोड्या आल्या, चार ट्रॅक्टर आले. एकट्या बाईचं रान म्हणून माणसं हौसेनं आलेली. सगळ्यांत पुढं भुजंगराव.

पण भुजंगराव बांधावर थांबला. म्हणाला, "अरे मच्छिंद्र, वैनीला इचारलं का? ती तर नांगराचं नाव काढू देत न्हाई."

"तिनंच सांगितलं, काका. झाला म्हणली आता प्रयोग."

मित्रांनो, हे तो माझ्यापासून चार हातांवर उभा राहून बोलला. मी ठणाणा करावं, गडगडत जावं, त्या भुजंगरावाच्या पायात पडावं, असं मला झालं. पण डबा तो डबा. मच्छिंद्रनंच येऊन मला उचललं. माझ्या कडेची माती झाडली. हळू झाडली, मला लागू नये अशी! बरणी बाजूला नेऊन ठेवली. म्हणजे मी काय आहे, कशासाठी आहे, हे त्याला त्या क्षणीसुद्धा पक्कं ठाऊक होतं. आणि मग मला विहिरीवर विसळून, पाणी भरून, नांगरणाऱ्या माणसांपुढं ठेवलं.

माझंच रान उलथणारी माणसं माझ्यातलं पाणी प्यायली. दुपारपर्यंत दोन एकर उरकलं. खुंटं खाली, मुळं वर, ओल्या मातीचा वास सगळीकडे. "रान कसं उजळलं!" म्हणत गाव मटण-भाकरीला बसलं.

तिसऱ्या दिवशी चतुराबाई आली. लांबूनच हाका मारत होती, "मच्छू, अरं कुणी दिला होता निरोप? मावशी तर पापड लाटत बसल्ती! मला म्हणली, मला काय धाड भरलीय..."

बोलता बोलता तिला रान दिसलं.

ती बांधावरून खाली उतरलीच नाही. भुजंगराव कौतुक ऐकायला पुढं आला होता, तिचा चेहरा पाहून त्यानं विचारलं, "वैनी... तूच सांगितलं ना?" तिनं नाही म्हणून मान हलवली. "पोरगं खोटं बोललं आमच्यासंग," एवढंच तो म्हणाला.

"आई, लगीन मोडलं असतं," मच्छिंद्र म्हणाला. "पाहुण्यांना काय दाखवू? खुंटं?"

"खुंटंच दाखवायची होती," ती म्हणाली. "भुजंगभावजींनी आपणहून नांगरलं असतं तर मी समजले असते, त्यांना आकडा ठाऊक न्हाई. तुला ठाऊक होता. सहा वर्षं तूच मला सांगत होतास."

शनिवारी देवानंद आला. तो जवळपास महिनाभर आलेला नव्हता, बढतीच्या परीक्षेत अडकला होता. रान पाहून त्यानं डोक्याला हात लावला. मग काहीतरी सुचून त्यानं मला त्या ढेकळांत दाबलं, बरणी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी आकडा काढला. वैशाखात आमचा आकडा कधी दोनच्या वर गेला नव्हता. तो निघाला सहा पॉइंट चार.

मी तो श्वास माझ्या पोटात धरला होता, मित्रांनो. रात्रंदिवस येतच होता. बाईनं नखं झिजवून आत ठेवलेलं, भसाभसा बाहेर.

"किती?" चतुराबाईनं विचारलं. देवानंदनं सांगितलं. ती घरात निघून गेली.

तेव्हा देवानंदनं मला पालथा घातला, माझ्या पाठीवर रजिस्टर ठेवलं आणि लिहायला लागला. त्याला पुटपुटत लिहायची सवय होती. साहेब विचारणार, प्रयोगावर लक्ष कुणाचं होतं? महिनाभर तू कुठं होतास? त्यानं दोनदा पेन उचललं, दोनदा टेकवलं. मग लिहिलं, "शेतकऱ्याच्या दुर्लक्षामुळे प्रयोग सहाव्या वर्षी बंद."

माझ्या पाठीवर! ज्या बाईनं रोज सकाळी चूळ भरायच्या आधी मला बघितलं, तिचं दुर्लक्ष! मला वाटलं होतं, फसवणारा एकच निघाला. तर दुसरा हा.

लग्न मात्र झालं. पाहुणे आले, त्यांनी रान पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, चहा घेतला आणि मुलाचा स्वभाव विचारला. दोन महिन्यांनी केंद्राकडून एक छापील अहवाल आला. चतुराबाई उंबऱ्यात साळ निवडत होती, मी तिच्या शेजारी, निवडलेलं माझ्यात पडत होतं.

"वाच रे," ती मच्छिंद्रला म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिनं त्याला आपणहून काही सांगितलं होतं.

त्यानं कागद उघडला. त्याचे डोळे एका ओळीवर अडकलेले मी पाहिले. मग तो वाचू लागला, "चतुराबाईंनी सहा वर्षं रान फार चांगलं सांभाळलं. पुढं नैसर्गिक अडचणीमुळं प्रयोग थांबला. केंद्र त्यांचं आभारी हाय."

चतुराबाईचे डोळे भरून आले. तिनं पदरानं ते पुसले. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी छापून सांगितलं होतं की बाई, तू केलंस. मला तो ओलावा बघवेना. मला खरं ठाऊक होतं ना!

दुसऱ्या दिवशी भुजंगराव आला. बिचारा त्या इर्जिकीपासून शरमेनं येतच नव्हता. चतुराबाई म्हणाली, "भावजी, बसा. काय लिहिलंय ते ऐका. मच्छू, वाच पुन्हा."

मच्छिंद्रनं वाचलं, "चतुराबाईंनी मोठ्या मेहनतीनं रान सांभाळलं. पण अतिवृष्टीमुळं प्रयोग बंद करावा लागला..."

निवडणारा हात थांबला.

"काल नैसर्गिक अडचण होती," चतुराबाई म्हणाली. "आज अतिवृष्टी. वैशाखात?"

"तेच की, आई. एकच..."

"काल आभार बी होतं. ते कुठं गेलं?" तिनं त्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि आत हाक मारली, "नंदे, इकडं ये."

नंदा पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. दोनच महिन्यांची सून. तिनं कागद घेतला. मच्छिंद्र तिच्याकडे बघत होता, डोळ्यांनी नको नको म्हणत होता. पोरीचा चेहरा उतरला. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग पदर सारखा केला आणि अगदी शाळेत वाचतात तसं वाचलं, "शेतकऱ्याच्या दुर्लक्षामुळे प्रयोग सहाव्या वर्षी बंद."

"शेतकरी म्हंजी कोण गं?"

"तुम्ही, आत्याबाई."

भुजंगरावानं डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"माहं दुर्लक्ष," चतुराबाई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "माहं रान घेतलं, तेव्हा मी म्हणले, पोरगं घाबरलं. पण आता तर कागदावर नाव बी घालवलं माहं, अन् तू वाचून गप बसलास. मला गोड गोड वाचून दाखवलंस!" मग तिनं फडताळाकडे बोट केलं. "कागद आण. पेन आण. लिही."

"आई, तिथं कोण वाचतंय..."

"लिही."

त्यानं लिहिलं. तिनं कागद नंदाकडे दिला. नंदानं वाचलं, "गावानं इर्जिक करून रान नांगरलं, त्यात आईची चूक न्हाई."

भुजंगराव ताडकन उठला. चतुराबाईनं हातानंच त्याला बसवलं. "गाव माणुसकीनं आलं होतं. गावाला मधी घालू नको. दुसरा कागद घे."

दुसरा कागद लिहायला त्याला फार वेळ लागला. एकदा त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. नंदानं घेतला आणि वाचला. "माझ्या आईनं सहा वर्षं रानाला नांगर लागू दिला नाही. मी तिला खोटं सांगून गावाबाहेर पाठवलं. गावाला खोटं सांगून नांगरून घेतलं. आकडा वाढतो हे मला ठाऊक होतं. दुर्लक्ष तिचं नाही. मच्छिंद्र."

"पाठव," चतुराबाई म्हणाली आणि पुन्हा साळ निवडायला लागली.

पत्र गेलं. देवानंद पंधरा दिवसांनी आला, खाली मान घालून. म्हणाला, "मावशी, चूक झाली माही. पण छापून गेलंय, आता बदलत न्हाई." बरण्यांची पेटी त्यानं ओट्यावर ठेवली. "ठेवा. तुम्हाला लागंल." ती त्याला चहा दिल्याशिवाय राहिली नाही, पण त्या दिवशी त्याच्याशी ती मातीबद्दल एक अक्षर बोलली नाही.

पुढच्या साळीपासून तिनं पुन्हा खुंटं राखली आहेत. मोजणी पहिल्यापासून, पहिल्या वर्षापासून. मी पुन्हा उपडा आहे. मच्छिंद्र म्हणाला होता, "आई, आकडा मी काढतो, पहिल्यासारखा." ती म्हणाली, "तू तण उपट. आकडा नंदा काढील." तो आता रोज तण उपटतो, कुरकुर न करता. वाईट पोरगा नाही हो तो. म्हणून तर मला जास्त राग येतो.

मित्रांनो, डब्याचं ऐकाल तर एक गोष्ट करा. नांगर धरायची घाई झाली, रान देखणं करायची हौस आली, तर आधी खाली काय साठवलेलं आहे ते बघा, आणि कुणी साठवलं त्या माणसाला तोंडावर विचारा. ते माणूस नाही म्हणालं तर थांबा. पाहुण्यांचं नंतर बघू. आणि तुम्हाला वाचता येत असेल, आणि समोरच्याला येत नसेल, तर जे लिहिलंय तेच वाचा. माझी एवढीच विनवणी आहे.

नंदा खोटं बोलत नाही. हे मला ठाऊक आहे, चतुराबाईलाही ठाऊक आहे. तरी दर शनिवारी नंदा बरणी उचलते, रंग उडेपर्यंत थेंब सोडते आणि आकडा सांगते, तेव्हा चतुराबाई म्हणते, "पुन्हा सांग गं."